जुना ईपीएबीएक्स काढून ॲस्टरिस्क बसवायचा असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत कारखाना आहे. पस्तीस एक्स्टेंशन (आतले फोन), जुना ईपीएबीएक्स (कार्यालयाचं स्वतःचं टेलिफोन एक्स्चेंज), आणि बीएसएनएलच्या आठ तांब्याच्या लाइन, ज्या आता फायबरवर जाणार आहेत. पुण्यात चार माणसांचं विक्री कार्यालय आहे. ओपन सोर्स आयपी फोन यंत्रणा घ्यायची तर सॉफ्टवेअर कोणतं, सामान काय लागेल, जुन्या नंबरांचं काय होईल, हे कायद्यात बसतं का, आणि ‘इंटरनेट फोनवर आवाज तुटतो’ ही तक्रार कितपत खरी?

तक्रार खरी आहे, पण त्यात सॉफ्टवेअरचा दोष क्वचितच असतो. ॲस्टरिस्कसारखं सॉफ्टवेअर या सगळ्यातला सर्वांत कमी त्रास देणारा भाग आहे. त्रास होतो तो राउटर, लाइन, वीज आणि उघडं ठेवलेलं ॲडमिन पान यांचा. म्हणून खाली सॉफ्टवेअरवर कमी आणि या चार गोष्टींवर जास्त लिहिलं आहे.

सॉफ्टवेअरची निवड

ॲस्टरिस्क हे मूळ इंजिन, संगणकालाच टेलिफोन एक्स्चेंज बनवणारं सॉफ्टवेअर. मार्क स्पेन्सरने ते १९९९ मध्ये लिहायला घेतलं, त्याची डिजियम ही कंपनी २०१८ मध्ये सांगोमाकडे गेली, आणि आजही ते जीपीएल परवान्याखाली खुलं आहे. फ्रीपीबीएक्स हे त्याच्यावर बसणारं वेब पान: एक्स्टेंशन, ट्रंक (बाहेरच्या कंपनीची लाइन), आयव्हीआर (‘अमुकसाठी एक दाबा’ असं सांगणारा रेकॉर्ड केलेला आवाज) वगैरे माउसने जोडता येतं. फ्रीस्विच हे वेगळं इंजिन आहे आणि त्यावर फ्यूजनपीबीएक्स चालतं. एकाच सर्व्हरवर दहा वेगवेगळ्या कंपन्यांचे एक्स्चेंज चालवायचे असतील तर ते घ्यावं. कमायलिओचं नावही ऐकायला मिळेल, पण तो हजारो कॉल वाटून देणारा सिप (इंटरनेटवर कॉल जोडण्याची भाषा) प्रॉक्सी आहे, तुमच्या कामाचा नाही.

तुमच्यासाठी डेबियन १२, त्यावर फ्रीपीबीएक्स १७ आणि ॲस्टरिस्क २२. ॲस्टरिस्क २२ च का, तर ती दीर्घ मुदतीच्या देखभालीची आवृत्ती आहे, २१ नाही. आणखी एक कारण लक्षात ठेवा. सिप कॉल सांभाळणारा जुना ‘चॅन सिप’ हा भाग २१ पासून काढून टाकला आहे, आता फक्त त्याच्या जागी आलेलं पीजेसिप उरलं आहे. त्यामुळे जे लेख किंवा व्हिडिओ ‘सिप डॉट कॉन्फ’ ही फाइल उघडायला सांगतात ते सरळ बाजूला ठेवा. इलास्टिक्सच्या जुन्या सीडी प्रतिमा अजून इंटरनेटवर फिरतात. त्या प्रकल्पाचं नाव २०१६ मध्येच थ्रीसीएक्सकडे गेलं आणि जुन्या प्रतींना कसलीही सुरक्षा दुरुस्ती मिळत नाही. त्या बसवू नका.

फ्रीपीबीएक्सचा गाभा मोफत आहे, पण काही मॉड्यूल विकतची आहेत. फोन आपोआप सेट करणारा ‘एंडपॉइंट मॅनेजर’ त्यातलंच एक. पंचवीस-तीस फोनसाठी ते नसलं तरी अडत नाही.

सर्व्हर

चार कोअरचा मिनी पीसी, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. पस्तीस एक्स्टेंशन आणि एका वेळी आठ-दहा कॉल एवढ्या कामाला हे भरपूर होतं. आधीच व्हर्च्युअल मशीन चालवत असाल तर तिथे दोन कोअर आणि ४ जीबी द्या. रास्पबेरी पायवर मेमरी कार्ड लावून कंपनीचा एक्स्चेंज चालवू नका, कारण सतत लॉग लिहून कार्ड मरतं आणि मरण्याआधी सूचना देत नाही.

डिस्क किती लागेल हे रेकॉर्डिंगवर ठरतं. ८ किलोहर्ट्झ, १६ बिट, एका चॅनेलची साधी वेव्ह फाइल मिनिटाला जवळपास १ एमबी होते. दिवसाला सगळे मिळून १,५०० मिनिटं बोलत असतील तर दीड जीबीच्या आसपास, म्हणजे महिन्याला ३७-३८ जीबी. तेच ‘वेव्ह ४९’ या दाबलेल्या स्वरूपात ठेवलं तर महिन्याला चार जीबीच्या आत बसतं, आणि बोलणं समजायला ते पुरेसं असतं. किती दिवसांनी जुनी रेकॉर्डिंग पुसायची हे पहिल्याच दिवशी ठरवून ते काम क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप कामं करणाऱ्या सोयीत) टाका. डिस्क शंभर टक्के भरली की डेटाबेस लिहिणं थांबवतो आणि एक्स्चेंज विचित्र वागू लागतो. कारण शोधायला माणसं ट्रंकपासून सुरुवात करतात आणि अर्धा दिवस जातो.

बसवण्याची पद्धत सोपी आहे. डेबियन १२ ची कोरी, ग्राफिकल डेस्कटॉप नसलेली प्रत टाका, स्थिर आयपी द्या, वेळ ‘एशिया कोलकाता’ ठेवा आणि एनटीपी (घड्याळ इंटरनेटवरून जुळवणारी सोय) चालू करा, मग फ्रीपीबीएक्सची अधिकृत स्क्रिप्ट ‘रूट’ या मुख्य प्रशासक खात्यातून चालवा. वेळ चुकली तर ‘कार्यालय बंद आहे’ हा संदेश भर दुपारी वाजतो, म्हणून एनटीपी विसरू नका. त्या मशीनवर दुसरं काहीही ठेवू नका, टॅली नाही, फाइल शेअरिंग नाही.

फोन आणि केबल

टेबलावरच्या फोनांसाठी येलिंक, ग्रँडस्ट्रीम किंवा फॅनविलचे पीओई (लॅन केबलमधूनच वीज) असलेले साधे दोन लाइनचे फोन चालतात. खर्चात सर्वांत मोठा वाटा याच फोनांचा असेल. त्यांना दोन नेटवर्क पोर्ट असतात, म्हणजे भिंतीतून फोनला आणि फोनमधून संगणकाला अशी एकच केबल पुरते. पोर्ट १०० एमबीपीएसचे आहेत की गिगाबिटचे ते मात्र बघून घ्या. डिझाइन विभागात मोठ्या ड्रॉइंग सर्व्हरवरून उघडतात. तिथे १०० चे फोन लावले की दुसऱ्याच दिवशी ‘नेट स्लो झालं’ अशी ओरड होते.

शॉप फ्लोअर, स्टोअर आणि गेटवर आयपी फोन लावण्याचा हट्ट नको. तांब्याच्या लॅन केबलची मर्यादा १०० मीटर आहे आणि जुनी दोन तारांची टेलिफोन केबल पीओई फोनला चालत नाही. पण ती केबल आणि तिथले जुने साधे फोन चांगले असतील तर सर्व्हरजवळ आठ किंवा सोळा पोर्टचा एफएक्सएस गेटवे (साधे फोन आयपी यंत्रणेला जोडणारा डबा) बसवा आणि क्रोन बॉक्सवर (टेलिफोन तारांच्या जोडपेटीवर) तेच जोड त्याला जोडा. गेटवरच्या वॉचमनला तोच फोन राहतो आणि यंत्रांच्या आवाजात मोठी घंटा असलेला जुना फोन नव्यापेक्षा बरा पडतो. फक्त फोन पल्सवर नसून टोनवर आहेत हे बघा.

स्विच पीओईचा, मॅनेज्ड, सगळे फोन बसतील एवढ्या पोर्टचा. फोनसाठी वेगळा व्हीलॅन (त्याच केबलांवरचं स्वतंत्र नेटवर्क) करा आणि एलएलडीपी-मेड चालू ठेवा, म्हणजे फोन लावताच स्वतःहून त्या व्हीलॅनमध्ये जातो. डीएचसीपीच्या (आयपी पत्ते वाटणाऱ्या सेवेच्या) ६६ क्रमांकाच्या पर्यायात सर्व्हरचा पत्ता दिला की फोन आपली सेटिंग तिथून उचलतो.

आवाज का तुटतो

आधी हिशेब करा. जी.७११ या कोडेकमध्ये (आवाज आकड्यांत बदलण्याच्या पद्धतीत) दर २० मिलिसेकंदांनी १६० बाइट आवाज आणि ४० बाइट शीर्षके जातात. इथरनेटची भर धरून एका कॉलला प्रत्येक दिशेने साधारण ८७ केबीपीएस लागतात. दहा कॉल म्हणजे १ एमबीपीएसच्या आत. भारतात जी.७११ चा ए-लॉ प्रकार वापरतात, म्हणून तोच पहिला ठेवा. जी.७२९ वर साधारण ३१ केबीपीएस लागतात, पण तुमच्याकडे फायबर असताना आवाज दाबून घेण्यात फायदा नाही.

मग १०० एमबीपीएसच्या लाइनवरही आवाज का तुटतो? कारण प्रश्न वेगाचा नाही, रांगेचा आहे. कुणी पन्नास एमबीचं ड्रॉइंग मेल करतं, किंवा सीसीटीव्ही क्लाउडवर चित्रं चढवतो, आणि राउटरची अपलोडची रांग भरते. आवाजाचं पाकीट त्या रांगेच्या शेवटी उभं राहतं. हे तपासायला पाच मिनिटं लागतात. कार्यालयातून ट्रंकच्या सर्व्हरला सलग पिंग (जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा) लावून ठेवा आणि दुसऱ्या संगणकावरून मोठी फाइल अपलोड करा. पिंग २० मिलिसेकंदांवरून ३००-४०० वर उडाला तर रोग सापडला. उपाय राउटरवर आहे: अपलोडचा वेग प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगाच्या ९० टक्क्यांवर बांधून घ्या आणि ‘एफक्यू-कोडेल’ किंवा ‘केक’ ही रांग पद्धत लावा. मायक्रोटिक, पीएफसेन्स, ओपनडब्ल्यूआरटी तिन्हींवर यातली किमान एक मिळते. इंटरनेट कंपनीने दिलेल्या डब्यावर बहुधा नसते, म्हणून तो डबा ब्रिज मोडमध्ये टाकून आपला राउटर लावणं हा खर्च टाळू नका. स्विचवर आवाजाला डीएससीपी ४६ ची प्राथमिकता द्या, पण ती खूण तुमच्या भिंतीबाहेर कुणी पाळेलच असं नाही.

एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत, जिटर (उशिरातला चढउतार) ३० च्या आत आणि पाकीटगळती एक टक्क्याच्या आत असेल तर कान तक्रार करत नाही.

राउटरमध्ये ‘सिप एएलजी’ नावाचं एक कलम असतं. ते मदतीसाठी आहे असं लिहिलेलं असलं तरी बंद करा. हा भाग सिप संदेशातले पत्ते स्वतःच्या समजुतीने बदलतो आणि अर्धवट बदलतो.

लाइन: इथे घाई नको

भारतात लँडलाइन नंबर एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. ती सोय फक्त मोबाइलला आहे. तुमचा ०२५३ चा नंबर लेटरहेडवर, बिलांवर, पुरवठादारांच्या वह्यांत गेली कित्येक वर्षं आहे. तो बीएसएनएलकडेच राहणार. म्हणून दोनच वाटा आहेत. एक, बीएसएनएलकडूनच सिप ट्रंक (सिपवर चालणारी बाहेरची लाइन) घेणं आणि तोच नंबर त्यावर मिळेल का हे लेखी विचारणं. दोन, नवी सिप ट्रंक दुसऱ्या परवानाधारक कंपनीकडून घेणं आणि जुना मुख्य नंबर फायबर लाइनवर जिवंत ठेवून एफएक्सओ गेटवेतून (साधी लाइन यंत्रणेत आणणाऱ्या डब्यातून) ॲस्टरिस्कमध्ये आणणं. दुसरी वाट बहुतेकांना सोयीची पडते, कारण एक वाट बंद पडली तर दुसरी उरते. तुमच्या आठ लाइनपैकी दोन किंवा तीन ठेवा, बाकीच्या सोडा, आणि दहा चॅनेलची (एका वेळी दहा कॉलची) सिप ट्रंक घ्या.

सिप ट्रंक बहुधा वेगळ्या खासगी जोडणीवरून येते आणि पासवर्डऐवजी आयपी पत्त्यावर ओळखली जाते. कंपनीच्या अभियंत्याकडून चार गोष्टी कागदावर घ्या: त्यांचे सिग्नलिंग (कॉल जोडण्याचे) आणि मीडियाचे (आवाजाचे) पत्ते (हे वेगवेगळे असू शकतात), नंबर कोणत्या रूपात पाठवायचा (०, ९१ की अधिक ९१), कॉलर आयडी कोणत्या शीर्षकात हवा, आणि एकूण चॅनेल किती. कॉल लावल्यावर ट्रंककडून ४०३ हा सिपचा संदेश-क्रमांक आला तर बहुतेक वेळा कॉलर आयडीचं रूप चुकलेलं असतं. ४८८ म्हणजे कोडेक जुळला नाही, ५०३ म्हणजे बहुधा चॅनेल भरले.

एफएक्सओ गेटवेवर मात्र जवळून बघावं लागतं. साध्या लाइनवर समोरच्याने फोन ठेवला हे गेटवेला तीन प्रकारे कळतं: लाइनची पोलॅरिटी (तारांची अधिक-उणे बाजू) उलटते, करंट क्षणभर तुटतो, किंवा नुसता एंगेज टोन येतो. तुमच्या ओएनटीच्या (फायबर जिथे येऊन संपते त्या डब्याच्या) फोन पोर्टवर पहिले दोन बहुधा मिळणार नाहीत. मग गेटवे टोनवर अवलंबून राहतो, आणि त्यात कारखान्यातून आलेली सेटिंग अमेरिकेची असते: ४८० आणि ६२० हर्ट्झ, अर्धा सेकंद चालू, अर्धा सेकंद बंद. भारताचा एंगेज टोन ४०० हर्ट्झचा आहे, ७५० मिलिसेकंद चालू आणि ७५० बंद. कंजेशनचा (मार्ग भरल्याचा) टोन ४०० हर्ट्झ, २५० चालू, २५० बंद. हे आकडे हाताने भरले नाहीत तर काय होतं? ग्राहक फोन ठेवतो, गेटवेला कळत नाही, लाइन तासन्‌तास अडकून राहते आणि बाहेरच्याला तुमचा नंबर सतत एंगेज लागतो. व्हॉइसमेलमध्ये मिनिटंच्या मिनिटं ‘टूं… टूं’ रेकॉर्ड झालेलं सापडलं तर हाच दोष. आकडे भरूनही सुटत नसेल तर तुमच्या ओएनटीचा टोन प्रत्यक्ष रेकॉर्ड करून ऑडॅसिटीत उघडा, वारंवारता आणि लांबी मोजा, आणि तेच भरा.

कॉलर आयडीही तसाच. तांब्याच्या लाइनवर अनेक एक्स्चेंजमधून तो डीटीएमएफ (बटणं दाबल्याचे टोन) रूपात, पोलॅरिटी उलटल्यावर येतो. ॲस्टरिस्कच्या ‘दादी’ (डीएएचडीआय) या साध्या लाइनसाठीच्या ड्रायव्हरमध्ये खास भारतासाठी ‘पोलॅरिटी आयएन’ असा पर्याय ठेवला आहे तो त्यासाठीच. ओएनटीवर एफएसके ही दुसरी पद्धत असू शकते. गेटवेत दोन्ही लावून बघा.

आणखी दोन गोष्टी. पोलॅरिटी नसेल तर गेटवे लाइन उचलताच ‘कॉल लागला’ असं ॲस्टरिस्कला सांगतो, त्यामुळे न उचललेले कॉलसुद्धा अहवालात बोललेले दिसतात. त्या अहवालावरून कुणाला जाब विचारू नका. दुसरं, बाहेरून येणारे कॉल पहिल्या लाइनपासून शोधत येतात, म्हणून बाहेर जाणारे शेवटच्या लाइनपासून सोडा. नाहीतर तुम्ही लाइन उचलता त्याच क्षणी ग्राहकाचा कॉल आत येतो आणि दोघेही गोंधळतात.

कायदा

स्वतःच्या कार्यालयांमध्ये इंटरनेटवरून आपसात बोलणं वेगळं आणि बाहेरचा कॉल इंटरनेटवरून दुसऱ्या शहरात नेऊन तिथल्या लोकल लाइनवरून बाहेर काढणं वेगळं. दुसरा प्रकार म्हणजे टोल बायपास, त्याला मनाई आहे. फ्रीपीबीएक्समध्ये हे दोन क्लिकमध्ये जमतं, म्हणून ‘पुण्याचे कॉल पुण्याच्या लाइनवरून’ असा मार्ग कुणी हौसेने जोडून देणार नाही हे पाहा. परदेशातून इंटरनेटवरून आलेला कॉल सिम गेटवेतून देशी कॉल म्हणून सोडणं तर सरळ गुन्हा आहे. ट्रंकवर आलेला ग्राहकाचा कॉल पुण्याच्या एक्स्टेंशनला ट्रान्सफर करायचा असेल तर ट्रंक देणाऱ्या कंपनीला तुमची मांडणी आकृतीसह दाखवून लेखी होकार घ्या. जाहिरातीचे कॉल करणार असाल तर ट्रायच्या नियमांनुसार नोंदणी आणि १४० ची मालिका लागते, ते साध्या ट्रंकवरून करू नका. आणि कॉल रेकॉर्ड होत असेल तर ते सुरुवातीलाच ऐकवा.

नंबरांची आखणी

एक्स्टेंशन २०१ पासून द्या. १०० ते ११२ या पट्ट्यात काही ठेवू नका. १००, १०१, १०८, ११२ हे घाबरलेल्या माणसाने शून्य न लावता फिरवले तरी लागलेच पाहिजेत, आणि गॅस गळती झाली तेव्हा १०१ फिरवल्यावर स्टोअरकीपरचा फोन वाजता कामा नये. या नंबरांसाठी वेगळा आउटबाउंड रूट (बाहेर जाणाऱ्या कॉलचा मार्ग) करा, सगळ्यांत वर ठेवा, आणि तो आधी साध्या लाइनवरून जाऊ द्या.

मोबाइलसाठी रूट: पहिला आकडा ६ ते ९, पुढे नऊ आकडे. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी ० लावावा लागतो. माणसं मोबाइलच्या सवयीने दहाच आकडे फिरवतात, म्हणून ० लावण्याचं काम रूटला करू द्या. येणाऱ्या कॉलचा नंबर कधी ०, कधी ९१ लावून येतो, त्यामुळे ‘मिस्ड कॉल’ मधून परत लावला की लागत नाही. इनबाउंडवरच सगळे नंबर दहा आकड्यांचे करून घ्या. नाशिकच्या स्थानिक नंबरांसाठी सात आकड्यांचा एक रूट. ‘काहीही चालेल’ असा बिंदूचा नमुना कुठेही ठेवू नका, त्यातून ०० चे परदेशी कॉल सुटतात.

आयव्हीआर २० सेकंदांच्या आत संपवा, पहिलं वाक्य मराठीत, आणि काहीच न दाबणाऱ्याला सरळ ऑपरेटरकडे न्या. संदेश शांत खोलीत रेकॉर्ड करून ८ किलोहर्ट्झ, मोनो, १६ बिट वेव्हमध्ये चढवा. ‘तुमचा रांगेत अमुक क्रमांक आहे’ हे मराठीत ऐकवायचं असेल तर मराठीत नव्याण्णवपर्यंत प्रत्येक आकड्याचा उच्चार वेगळा आहे. इंग्रजीसारखं वीस आणि सात जोडून सत्तावीस होत नाही, शून्य ते नव्याण्णव शंभर फाइल रेकॉर्ड कराव्या लागतात. एकाच आवाजात, एकाच बैठकीत करा.

एकतर्फी आवाज आणि ३२ सेकंद

सर्वांत जास्त विचारला जाणारा दोष: कॉल लागतो, पण एकाला ऐकू येत नाही. अंदाजाने सेटिंग बदलत बसण्याआधी सर्व्हरवर ‘एसएनग्रेप’ (सिप संदेश दाखवणारं साधन) चालवा आणि तो कॉल निवडून पहिला इन्व्हाइट (कॉलचं बोलावणं) संदेश उघडा. खालच्या भागात ‘सी’ ने सुरू होणारी एक ओळ असते, तिच्यात आवाज कुठे पाठवायचा तो पत्ता लिहिलेला असतो. बाहेर जाणाऱ्या इन्व्हाइटमध्ये त्या ओळीत १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता दिसला आणि ट्रंक इंटरनेटवरून येत असेल, तर समोरची कंपनी आवाज तुमच्या खासगी पत्त्यावर पाठवू बघते आहे. तो कुठेच पोहोचणार नाही. उपाय: ॲस्टरिस्क सिप सेटिंग्जमध्ये बाहेरचा पत्ता आणि ‘लोकल नेटवर्क’ मध्ये तुमचे सगळे अंतर्गत पट्टे, फोनचा व्हीलॅन आणि पुण्याचा व्हीपीएन (इंटरनेटवरची खासगी जोडणी) पट्टासुद्धा, भरा. एक्स्टेंशनवर ‘डायरेक्ट मीडिया’ नाही, ‘रीराइट कॉन्टॅक्ट’, ‘आरटीपी सिमेट्रिक’ आणि ‘फोर्स आरपोर्ट’ होय. ट्रंक इंटरनेटवरून असेल तर १०००० ते २०००० हे यूडीपी पोर्ट फक्त ट्रंकच्या पत्त्यांसाठी उघडा. ट्रंक खासगी जोडणीवर असेल तर उलट तपासा: सर्व्हरला त्यांच्या मीडिया पत्त्याकडे जाणारा रूट आहे का. सिग्नलिंगचा रूट टाकला आणि मीडियाचा राहिला, हे वारंवार घडतं.

कॉल बरोबर ३२ सेकंदांनी तुटत असेल तर ती वेळच निदान सांगते. सर्व्हरने ‘२०० ओके’ पाठवलं, पण त्याची पोच असलेला ‘ॲक’ परत आला नाही. सिपमध्ये अर्ध्या सेकंदाच्या चौसष्टपट वाट पाहून कॉल सोडायचा नियम आहे. कॉन्टॅक्ट शीर्षकातला पत्ता बघा, तो खासगी असेल. पंधरा किंवा तीस मिनिटांनी नेमका तुटत असेल तर सेशन टायमर जुळत नाहीत.

फोन काही वेळाने ‘मरतो’, म्हणजे बाहेर लागतो पण आत येत नाही, असं पुण्यातून ऐकू आलं तर तिथला राउटर यूडीपीची नोंद लवकर पुसतो. वायरगार्ड या व्हीपीएनमध्ये कीपअलाइव्ह २५ सेकंद ठेवा. बँकेच्या आयव्हीआरला बटणं कळत नसतील तर फोन, ट्रंक आणि गेटवे तिन्हींवर डीटीएमएफ आरएफसी ४७३३ वर आणा (जुन्या फोनमध्ये तोच पर्याय २८३३ नावाने असतो).

सुरक्षा

५०६० हा सिपचा पोर्ट इंटरनेटला उघडा केला की स्वयंचलित शोधयंत्रं लवकरच येऊन पोहोचतात आणि १००, १०१, २०१ असे नंबर घेऊन पासवर्ड फिरवत बसतात. घुसखोराला तुमचं बोलणं ऐकायचं नसतं, त्याला तुमच्या लाइनवरून परदेशातल्या महागड्या नंबरांवर कॉल करायचे असतात. हे शनिवारी रात्री किंवा दिवाळीच्या सुट्टीत होतं आणि बिल तुमच्या नावावर येतं.

म्हणून: पुण्याचं कार्यालय आणि विक्रीच्या माणसांचे मोबाइल फक्त वायरगार्ड व्हीपीएनमधून जोडा. ५०६० फक्त ट्रंकच्या पत्त्यांना दिसू द्या. फ्रीपीबीएक्सचं ॲडमिन पान इंटरनेटवर कधीही उघडू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये एंडपॉइंट मॉड्यूलमध्ये लॉगिन न करताच आत शिरता येईल अशी त्रुटी (सीव्हीई-२०२५-५७८१९) निघाली. पॅच येण्याआधीच, ज्यांची ॲडमिन पानं बाहेरून दिसत होती त्यांच्यावर हल्ले झाले होते. पान व्हीपीएनच्या आत असेल तर अशा बातमीनंतर तुम्हाला शांतपणे अपडेट करायला वेळ मिळतो. एक्स्टेंशनचे पासवर्ड फ्रीपीबीएक्सने बनवलेले लांबलचकच ठेवा, फोनच्या स्वतःच्या पानाचा ‘ॲडमिन-ॲडमिन’ बदला, फेल२बॅन (वारंवार चुकीचा पासवर्ड देणाऱ्याला अडवणारं साधन) चालू ठेवा. आणि सर्वांत खात्रीचा बंदोबस्त: ट्रंक कंपनीला पत्र देऊन आयएसडी बंद करून घ्या. निर्यात विभागाला लागत असेल तर एका लाइनपुरतं चालू ठेवा.

मोबाइलवरच्या सॉफ्टफोनकडून फार अपेक्षा ठेवू नका. लिनफोन चांगलं ॲप आहे, पण बॅटरी वाचवायला अँड्रॉइड त्याला झोपवतं आणि कॉल वाजत नाही. बॅटरीच्या बंधनातून ॲप वगळा, आणि तरीही वीस सेकंदांत न उचललेला कॉल ऑपरेटरकडे परत येईल असं ठेवा. माणसाच्या मोबाइल नंबरवर वळवायचा असेल तर त्यात ट्रंकचे दोन चॅनेल अडकतात हे धरून चाला.

वीज

तांब्याच्या लाइनला एक्स्चेंजमधूनच वीज यायची, त्यामुळे लाइट गेली तरी एखादा फोन चालायचा. आता ओएनटी, राउटर, स्विच, सर्व्हर, गेटवे सगळ्यांना तुमची वीज लागते. पंचवीस फोन साधारण ११० वॅट, बाकी सगळं मिळून ८०-९०, म्हणजे २०० वॅट धरा. १२ व्होल्ट १५० एएचच्या एका बॅटरीतून प्रत्यक्षात १,००० वॅट-तास मिळतात असं धरलं तर पाच तास. साइन वेव्ह इन्व्हर्टर घ्या आणि तो ‘यूपीएस मोड’ वर ठेवा. साध्या मोडमध्ये बदलायला लागणाऱ्या वेळात स्विच रीस्टार्ट होतो आणि सगळे फोन दोन-तीन मिनिटं जातात. सर्व्हरला स्वतंत्र छोटा यूपीएस द्या. बायोसमध्ये ‘वीज आली की सुरू हो’ हा पर्याय चालू करा, कारण पहाटे चारला बंद पडलेला सर्व्हर सकाळी कुणीतरी येऊन बटण दाबेपर्यंत बंदच राहतो.

बदल कसा करायचा

पहिल्या आठवड्यात सर्व्हर, स्विच आणि पाच फोन, फक्त आपसात. दुसऱ्या आठवड्यात सिप ट्रंक, फक्त बाहेर जाणारे कॉल. तिसऱ्या आठवड्यात जुन्या लाइनपैकी सर्वांत कमी वाजणारी एक एफएक्सओवर घेऊन टोन, कॉलर आयडी आणि लाइन सुटणं तपासा. हे जमल्याशिवाय मुख्य नंबर हलवू नका. मग कारखान्याच्या साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी मुख्य नंबर हलवा. ऑपरेटरला आधी दोन दिवस नव्या फोनवर ट्रान्सफर आणि होल्डचा सराव द्या, कारण पहिल्या सकाळचा सगळा भार तिच्यावर येतो.

फ्रीपीबीएक्सचा बॅकअप रोज रात्री दुसऱ्या मशीनवर जाऊ द्या आणि एकदा तरी तो दुसऱ्या संगणकावर रिस्टोर करून दोन फोन जोडून बघा. ट्रंक ज्या पत्त्यावर बांधली आहे तोच पत्ता त्या संगणकाला द्यावा लागेल, ते टिपून ठेवा. जुना ईपीएबीएक्स एक महिना भिंतीवरून काढू नका, क्रोन बॉक्सवर दोन्हीकडच्या जोडांना चिठ्ठ्या लावा. गडबड झालीच तर दहा मिनिटांत लाइन परत तिकडे टाकता येतील.